जंतुनाशक: हातावर औषध, पोटात विष

यवतमाळ जिल्ह्यात 2021 साली अवघ्या तीन महिन्यांच्या अंतराने दोन घटना घडल्या. 31 जानेवारीला पल्स पोलिओ मोहिमेत घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे पाच वर्षांखालील 12 बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. चूक लक्षात आल्यावर मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल करण्यात आले. सुदैवाने सर्व मुले सुखरूप राहिली. एप्रिलमध्ये वणी येथे मात्र नशिबाने साथ दिली नाही. टाळेबंदीत दारूची दुकाने बंद होती, तलफ अनावर झाली आणि सॅनिटायझर पिऊन सात जणांचा जीव गेला.

त्या काळात हेच सॅनिटायझर बाभुळगावपासून मुंबईपर्यंत प्रत्येकाच्या खिशात होते. दिवसातून दहा वेळा ते हातावर चोळले जात होते आणि त्याने कोणाला काही होत नव्हते. हातावर निरुपद्रवी असलेले रसायन पोटात गेल्यावर जीव कसे घेते, हे समजून घेतले तर घरातल्या सगळ्याच जंतुनाशकांकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

आणि घरात ही रसायने थोडीथोडकी नसतात. न्हाणीघरात फिनाईल, संडासात आम्ल, कपाटात डेटॉल किंवा सॅव्हलॉन, कपड्यांसाठी ब्लीच, दाढीनंतर लावायची तुरटी. ग्रामपंचायतीच्या खोलीत टीसीएल पावडरची पोती. शाम्पू, टूथपेस्ट, खोकल्याचे औषध, टोमॅटो सॉस आणि भिंतीचा रंग यांतही जंतूंची वाढ रोखणारी रसायने असतात. कोरोनाची साथ ओसरली, पण ही बाटल्यांची रांग घरातून गेलेली नाही.

जंतू मरतो कसा?

प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक गोळ्या, निवडून मारतात. पेनिसिलीन जिवाणूच्या पेशीभोवतीची भिंत बांधू देत नाही. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसते, म्हणून ते औषध आपण पोटात घेऊ शकतो. जंतुनाशकांचे तसे नाही. ती निवड करत नाहीत. अल्कोहोल पेशीतील प्रथिने गोठवते आणि तिचे आवरण विरघळवते. क्लोरीन समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थाचे ऑक्सिडीकरण करतो. फिनॉल पेशीचे आवरण फोडते. प्रथिने आणि आवरण माणसाच्या पेशीलाही असतातच.

मग हात का वाचतो? कारण त्वचेच्या सर्वांत वरचा थर मृत पेशींचा, कडक केराटिनचा असतो. हे चिलखत डोळ्याला नाही, तोंडाच्या आतल्या बाजूला नाही, अन्ननलिकेला नाही आणि फुप्फुसाला तर अजिबात नाही. म्हणून कोणतेही जंतुनाशक हाती घेताना चार गोष्टी पाहायला हव्यात: ते कुठे वापरायचे, किती वापरायचे, किती वेळ ठेवायचे आणि ते कोणत्या बाटलीत आहे.

जागा चुकली की

सॅनिटायझरमध्ये साधारण 60 ते 80 टक्के अल्कोहोल असते. देशी दारूपेक्षा हे प्रमाण कितीतरी जास्त आहे. त्यात आयसोप्रोपाईल अल्कोहोल असेल तर नशा व गुंगी आणखी तीव्र होते. काही निकृष्ट मालात मिथेनॉलची भेसळ आढळलेली आहे. शरीरात मिथेनॉलचे फॉर्मिक आम्ल बनते आणि ते डोळ्याच्या नसेवर घाव घालते. दृष्टी जाते, मग जीवही जातो. लहान मुलांच्या बाबतीत साधे इथेनॉलही धोक्याचे, कारण त्यांच्या रक्तातील साखर एकदम खाली येऊ शकते. घोटभर सॅनिटायझर प्यायलेले मूल झोपाळू दिसले, तर ते झोपले असे समजून घरी ठेवू नये.

श्वासाच्या वाटेचे उदाहरण दक्षिण कोरियाने पाहिले. तेथे 1994 पासून घरात हवा दमट ठेवणाऱ्या यंत्राच्या पाण्यात टाकायचे जंतुनाशक विकले जात होते. पाण्यात शेवाळ व जंतू वाढू नयेत, हा हेतू. त्यातली काही रसायने इतरत्र सफाईसाठी वापरली जात होती आणि त्वचेला फारशी अपायकारक नव्हती. पण यंत्रातून त्यांचे सूक्ष्म तुषार थेट फुप्फुसात जाऊ लागले. 2011 मध्ये सोल येथील डॉक्टरांना गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांमध्ये फुप्फुसे कडक होण्याचा अनाकलनीय आजार दिसला आणि शोध या बाटलीपर्यंत पोहोचला. उत्पादने बाजारातून काढली गेली, पण तोवर शेकडो लोक दगावले होते. त्वचेवर चालते म्हणून ते फुप्फुसातही चालेल, हे गृहीतच घातक ठरले.

आपल्याकडेही 2020 मध्ये याच चुकीची सौम्य आवृत्ती घडली. मार्चमध्ये उत्तर प्रदेशात बरेलीत गावी परतणाऱ्या मजुरांवर सोडियम हायपोक्लोराईटची फवारणी झाली. बाजार समित्या, कार्यालये यांच्या दारात निर्जंतुकीकरणाचे बोगदे उभे राहिले. एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला स्पष्ट सांगावे लागले की माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नका. शरीरात गेलेला विषाणू त्याने मरत नाही आणि डोळे, त्वचा व श्वसनमार्गाला इजा मात्र होते. 2017 च्या हंगामात कीटकनाशकांच्या फवारणीतून झालेल्या विषबाधेने यवतमाळ जिल्हा हादरला होता. तुषार नाकात जाणे म्हणजे काय, हे येथल्या कापूस उत्पादकाला वेगळे सांगायला नको.

विहिरीचे गणित

मात्रा नीट पाळली तर हेच क्लोरीन हजारो जीव वाचवते. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाईस या डॉक्टरने बाळंतिणींना तपासण्याआधी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये तेथे 18 टक्क्यांवर असलेले बाळंतिणींचे मृत्युप्रमाण जुलैपर्यंत सव्वा टक्क्याच्या आसपास आले. जंतूंमुळे रोग होतो हे तेव्हा सिद्धही झाले नव्हते. 1908 पासून अमेरिकेतील जर्सी सिटीत नळाच्या पाण्यात नियमित क्लोरीन मिसळले जाऊ लागले आणि पुढे जगभर विषमज्वर व कॉलरा मागे हटले.

गावात हेच काम टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, करते. बाभुळगाव तालुक्यात बेंबळा प्रकल्पाचे पाणी अडले असले, तरी विहिरी आणि हातपंप यांच्यावरचा भार संपलेला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर विहिरीत पावडर टाकली जाते, पण ती अनेकदा अंदाजाने, मूठभर. कधी खूपच जास्त होते आणि पाण्याला वास येतो म्हणून लोक नाल्याकाठचे पाणी आणतात. कधी इतकी कमी पडते की टाकून न टाकल्यासारखी.

खरे तर हिशेब सोपा आहे. चांगल्या प्रतीच्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो आणि 1000 लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम पावडर लागते. गोल विहिरीचा व्यास 3 मीटर आणि पाण्याची खोली 4 मीटर असेल, तर तीत सुमारे 28 हजार लिटर पाणी असते. म्हणजे 70 ग्रॅम पावडर पुरे. ती कोरडी विहिरीत फेकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करायचा, मग पाणी वाढवून ढवळायचे आणि पाच-दहा मिनिटे चुना खाली बसू द्यायचा. वरचे निवळलेले पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली विहिरीत सोडायची, वर-खाली हलवायची. तळाचा चुना विहिरीत टाकू नये. त्याने पाणी जड होते. त्यानंतर किमान एक तास पाणी उपसू नये.

तासाभराने ओटी चाचणी. नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला, तर क्लोरीन शिल्लक आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा, असे भारतीय मानक सांगते. हा शिल्लक भाग महत्त्वाचा, कारण विहिरीपासून घरच्या माठापर्यंतच्या प्रवासात पडणाऱ्या जंतूंशी तोच लढतो. चाचणीचे पाणी मात्र फेकून द्यावे, पिऊ नये.

रंग आला नाही तर दोन शक्यता असतात. पहिली, पाणी गढूळ आहे. माती आणि पालापाचोळा क्लोरीन खाऊन टाकतात, जंतूंसाठी काही उरत नाही. म्हणून पहिल्या पुरानंतर नेहमीची मात्रा पुरत नाही. दुसरी, पावडर मेलेली आहे. हवा, उजेड आणि ओल लागली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडे ठेवलेले, मागच्या वर्षीचे पोते पाण्यात ओतणे म्हणजे जवळपास नुसता चुना ओतणे. पोत्यावरील तारीख पाहणे आणि ते कोरड्या, अंधाऱ्या जागी घट्ट बांधून ठेवणे, हे जलसुरक्षकाचे काम इंजेक्शन देण्याइतकेच मोलाचे आहे.

सतत क्लोरीन मिळत राहावा यासाठी नागपूरच्या नीरी या संस्थेने दोन मडक्यांची पद्धत विकसित केली. आतल्या मडक्यात एक किलो पावडर आणि दोन किलो जाड वाळू यांचे ओलसर मिश्रण भरतात, ते दुसऱ्या मोठ्या मडक्यात ठेवतात, दोन्हींना भोके असतात, आणि हा संच पाण्याच्या पातळीखाली किमान एक मीटर टांगतात. छोट्या घरगुती विहिरीला त्यातून दोन-तीन आठवडे थोडा थोडा क्लोरीन मिळत राहतो.

वेळ द्या, आणि आधी धुवा

जंतू रसायन लागताक्षणी मरत नाहीत. सॅनिटायझर हात सुकेपर्यंत, 20 ते 30 सेकंद चोळावे लागते. फरशीवर फिनाईल टाकून लगेच कोरडे पुसले, तर उरतो तो वास. आणि शेण, माती, तेल, रक्त असलेल्या पृष्ठभागावर कोणतेही जंतुनाशक दुबळे पडते. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी साबण-पाण्याने स्वच्छता, मग गरज असेल तरच जंतुनाशक.

बहुतेक वेळा ती गरज नसतेच. साबण जंतूला मातीसकट धुऊन नेतो आणि अनेक विषाणूंचे चरबीचे आवरण फोडतो. 2016 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ट्रायक्लोसानसह 19 जंतुनाशक घटक असलेले हात व अंग धुण्याचे साबण बाजारात विकण्यास मनाई केली. साध्या साबणापेक्षा ते अधिक उपयोगी आहेत, याचा पुरावा उत्पादकांना देता आला नव्हता.

जखमेबाबतही हेच. कोयत्याने किंवा पत्र्याने कापले की कपाटातले जंतुनाशक तसेच, पाणी न मिसळता ओतायची सवय अनेकांना असते. त्याने जखम भरून आणणाऱ्या नव्या पेशीच भाजतात. वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने जखम धुवावी, स्वच्छ कापड बांधावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठावा. तान्ह्या बाळाच्या अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक घालण्याचीही गरज नाही. त्याची त्वचा पातळ असते आणि रसायन शोषून घेते.

कमी मात्रेचा आणखी एक तोटा. आठवडाभर उघड्या वाटीत पाण्यात कालवून ठेवलेल्या जंतुनाशकात स्यूडोमोनास जातीचे काही चिवट जिवाणू चक्क वाढू शकतात. रुग्णालयांत अशा द्रावणांतूनच संसर्ग पसरल्याची उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत. द्रावण रोज ताजे करावे, जुन्यात भर घालू नये.

दोन बाटल्या एकत्र नकोत

दिवाळीच्या साफसफाईत एक अपघात हमखास होतो. संडासातला पिवळेपणा जात नाही म्हणून आधी आम्ल ओतले जाते, वर ब्लीचिंग पावडर टाकली जाते. दोन्ही मिळून क्लोरीन वायू तयार होतो. पहिल्या महायुद्धात युद्धभूमीवर सोडला गेला तोच हा वायू. बंद न्हाणीघरात त्याने डोळे चुरचुरतात, खोकल्याची उबळ येते, दमेकऱ्याचा श्वास कोंडतो. जास्त प्रमाणात गेला तर फुप्फुसात पाणी भरते. ब्लीच आणि अमोनिया असलेले द्रव्य, किंवा मूत्र साचलेल्या जागी ब्लीच, यातूनही घातक वायू निघतो. एका वेळी एकच रसायन, खिडकी उघडी, आणि मध्ये भरपूर पाणी ओतणे, इतके पाळले तरी पुरे.

कारखान्यातले राखणदार

जंतू केवळ रोग पसरवत नाहीत, मालही नासवतात. साखर कारखान्यात उसाच्या रसावर ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू जगतो. तो साखर खाऊन चिकट डेक्स्ट्रान बनवतो आणि उतारा घटवतो, म्हणून गाळपाच्या ठिकाणी जंतुनाशक वापरावे लागते. औष्णिक वीज केंद्रे आणि मोठ्या इमारतींच्या शीतकरण मनोऱ्यांच्या पाण्यातही ते लागते. 1976 मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्यात न्यूमोनियाची साथ आली, तिच्यामागे लिजिओनेला हा पाण्यात वाढणारा जिवाणू निघाला. त्यानंतर अशा पाण्याकडे जग गांभीर्याने पाहू लागले.

आपल्या घरात येणाऱ्या वस्तूंत या रसायनांना परिरक्षक म्हणतात. खाद्यपदार्थांत त्यांचे दोन वर्ग आहेत. मीठ, साखर, तेल, व्हिनेगर, मसाले हे पहिल्या वर्गात. आजीच्या कैरीच्या लोणच्याला वर्षभर टिकवणारे हेच. सोडियम बेंझोएटसारखी रसायने दुसऱ्या वर्गात. लेबलवर त्यांचा क्रमांक, उदाहरणार्थ 211, छापलेला असतो आणि त्यांची कमाल मर्यादा कायद्याने ठरलेली असते. मर्यादेत ती घाबरण्यासारखी नाहीत. बुरशी लागलेले सरबत त्यांच्यापेक्षा नक्कीच वाईट. दूध टिकवण्यासाठी फॉर्मॅलिन किंवा हायड्रोजन पेरॉक्साईड घालणे मात्र सरळसरळ भेसळ आणि गुन्हा आहे.

सौंदर्यप्रसाधने आणि पाण्यात कालवायच्या रंगांतील मिथाईलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकाने अनेकांना त्वचेची ॲलर्जी होते. युरोपात अंगावर तसेच राहणाऱ्या क्रीममध्ये त्यावर बंदी आली आहे. नवे क्रीम किंवा ओले टिश्यू वापरल्यावर खाज, लाल चट्टे येत असतील, किंवा रंगकामगाराच्या हाताला इसब येत असेल, तर डॉक्टरकडे जाताना तो डबा सोबत न्यावा.

बाटली कोणती?

इतके सगळे कळूनही सर्वाधिक मुले ज्या कारणाने रुग्णालयात येतात, ते कारण साधे आहे. स्वस्त सुटे फिनाईल आणि आम्ल गल्लोगल्ली थंड पेयाच्या जुन्या बाटल्यांत विकले जाते. पांढरे फिनाईल दुधासारखे दिसते, काळे फिनाईल काळ्या थंड पेयासारखे. दोन-तीन वर्षांच्या मुलाला बाटलीचा आकार कळतो, आतला पदार्थ नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर निदान लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो. सुट्या फिनाईलच्या बाटलीवर काहीच नसते: घटक नाही, मात्रा नाही, धोक्याची खूण नाही. मग डॉक्टरलाही पोटात काय गेले याचा अंदाजच बांधावा लागतो.

म्हणून एक नियम प्रत्येक घराने करावा. रसायन त्याच्या मूळ, लेबल असलेल्या, घट्ट झाकणाच्या डब्यातच राहील आणि तो डबा मुलाच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर असेल. अंगणवाडी, शाळा आणि लसीकरण केंद्रांनीही औषधे आणि जंतुनाशके एका टेबलावर ठेवू नयेत. तोंडात काही देण्याआधी बाटलीवरील नाव वाचावे.

विषबाधा झाली तर

• जंतुनाशक पोटात गेले असेल तर उलटी करवू नका, मिठाचे पाणी पाजू नका, घशात बोटे घालू नका. आम्ल किंवा ब्लीच वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. पांढऱ्या फिनाईलमधील पाईन तेल उलटीबरोबर फुप्फुसात शिरू शकते.

• रुग्ण शुद्धीवर असेल तर तोंड पाण्याने खळखळून धुवायला सांगा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर झोपवा.

• डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून किमान 15 ते 20 मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडा, मगच दवाखान्यात निघा. अंगावर सांडले तर कपडे काढून भरपूर पाण्याने धुवा.

• वायू नाकात गेला असेल तर रुग्णाला मोकळ्या हवेत आणा. तासाभराने बरे वाटले तरी तपासून घ्या. फुप्फुसाचा त्रास उशिरा वाढू शकतो.

• 108 वर रुग्णवाहिका बोलवा. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा 1800 116 117 हा क्रमांक निःशुल्क आहे.

• ज्या बाटलीतून रसायन गेले ती बाटली सोबत आणा. लेबलवरची एक ओळ डॉक्टरचा अर्धा तास वाचवते, आणि लहान मुलाच्या बाबतीत तो अर्धा तास फार मोठा असतो.